भरलेला कूलर

अंजनाबाईंच्या हॉलमधलं एकही झाड विकत आणलेलं नव्हतं. सीताबर्डीवरच्या एका ऑफिसात त्यांनी बावीस वर्षं झाडूपोछा केला. एसीच्या कोरड्या हवेत तिथली शोभेची झाडं महिन्या-दोन महिन्यांत माना टाकायची. नर्सरीवाला नव्या कुंड्या ठेवून जुन्या फेकून द्यायचा. अंजनाबाई त्या उचलून बसनं घरी आणायच्या आणि कूलरसमोर मांडायच्या. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांतून येणाऱ्या ओल्या वाऱ्यात काडीलाही पान फुटायचं. मॉन्स्टेरा तर आता पार छताला टेकला होता.

अंजनाबाईंची नोकरी संपली आणि मे महिन्यात त्यांच्या मुलानं, साहिलनं, हॉलसाठी एसी आणला.

"कूलर उद्या भंगारवाला नेईन," तो म्हणाला.

"अन् माही झाडं?"

"गच्चीवर ठेव ना."

"पंचेचाळीस डिग्रीत? तुलेच ठेवून पाहू का?"

सून दीप्ती हसली. "आई, नुसती पानंच तर आहेत. ना फूल, ना फळ."

"साहिलले तरी कोणतं फूल लागलं वं? पोसलंच ना मी त्याले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाले भैय्याजी हातगाडी घेऊन आले. त्यांनी आणि साहिलनं दोन बाजूंनी कूलर धरला. तो जागचा हलेना. पहाटे नळ आल्याबरोबर अंजनाबाईंनी बादलीबादलीनं टाकी काठोकाठ भरून ठेवली होती.

"काहून भरला, आई?"

"मे आहे. रोजच भरतो आपण."

"पानी निकालो पहले," भैय्याजी म्हणाले.

साहिल वाकून खालचं बूच चाचपू लागला. तेवढ्यात अंजनाबाईंनी मॉन्स्टेराची कुंडी ढकलत आणून नेमकी बुचासमोर ठेवली.

"काढ पाणी. पण पहिले हे झाड उचल. मेलं म्हणून फेकलं होतं त्या लोकांनी. मी बसमधी उभ्यानं, छातीशी धरून आणलं. उचल, अन् तुह्या हातानं टाक कचऱ्यात."

साहिलनं कुंडीकडे पाहिलं. हात काही लावला नाही. भैय्याजींनी दोघांची तोंडं पाहिली आणि गाडी वळवली.

"एसी तुमच्या खोलीत लावा," अंजनाबाई म्हणाल्या. "हॉलमधला कूलर हलणार नाही."

त्यांनी बटण दाबलं. कूलर खडखडत सुरू झाला.

"अन् सरक तिकडे. झाडांचा वारा अडवून राहिला तू."