चपला काढून लढणारा

गोळीबार सुरू झाला की तो आधी चपला काढायचा. जोड नीट लावून बांधाच्या कडेला ठेवायचा आणि मग बंदुकीला हात घालायचा. आम्ही हसायचो. तो म्हणायचा, "पाय मातीला लागला की जरा धीर येतो, बाबा."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला नाव ठेवायला जागा सापडत नाही आणि म्हणूनच जो डोळ्यांत खुपतो. माझ्यासाठी तो हा होता.

निजामाच्या राजवटीचं ते शेवटचं वर्ष. पैनगंगेच्या पलीकडे, वऱ्हाडच्या हद्दीत आमचा कॅम्प होता. अलीकडे आमचाच परभणी जिल्हा, पण तिथं रझाकारांचा धुमाकूळ. मी पिंगळीचा, शाळा सोडून आलेला. तो पालमचा, परभणीच्या जिनात कापसाचे गठ्ठे उचलायचा. दोघंही एकाच आठवड्यात कॅम्पात दाखल झालो.

लढाई म्हटलं की रोज बंदुका कडाडत असतील असं लोकांना वाटतं. आमचे दिवस जात ते पाणी भरण्यात, सरपण फोडण्यात, उवा मारण्यात आणि ओल्या घोंगडीत बसून नदीकडे बघण्यात. बंदुकीला तेल मिळायचं नाही, म्हणून भाजीचं करडईचं तेल नळीला लागायचं आणि भाजी तशीच कोरडी खावी लागायची. चांगली रायफल कॅम्पात एकच होती, बाकी साऱ्या ठासणीच्या. आमचे प्रमुख गुरुजी, खरोखरच शाळामास्तर होते ते. त्यांनी रायफल त्याच्या हाती दिली. नेम माझाही वाईट नव्हता. पुढे कितीतरी दिवस मी गुरुजींशी कामापुरतंच बोललो.

रायफलीचं दुःख तरी पचलं. मायचं पचलं नाही.

गाव सोडून माझी माय कॅम्पाजवळच्या खेड्यात आसऱ्याला राहिली होती. बाजाराच्या दिवशी ती भाकरी घेऊन यायची. पहिल्यांदा आली तेव्हा तिनं विचारलं, "कसा हाईस?"

"बरा हाय," मी म्हणालो.

शेजारी तो बसला होता. मायनं त्यालाही विचारलं, "आन् तू रं, लेकरा?"

"मला लय भ्या वाटतंय, माय," तो म्हणाला. "गोळी वाजली की पळावं वाटतंय."

एवढा धट्टाकट्टा माणूस, आणि सरळ असं बोलला. माय त्याच्याजवळ सरकली आणि किती तरी वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी भाकरीचा तुकडा मोडून तसाच बसलो. भीती मलाही वाटायची. मला फक्त ती सांगता येत नव्हती.

मग त्याच्या तोंडात फोड आले, तर त्याच्यासाठी दही यायला लागलं. "तुला ठेचा आवडतो की," माय मला म्हणायची. त्याची आई लहानपणीच गेली, पालमला एक बहीण आहे, हे सगळं तिला ठाऊक होतं. मला नव्हतं.

एकदा मी त्याला म्हणालो, "माय माझी हाय, ध्यानात ठेव."

तो म्हणाला, "व्हय की, तुझीच हाय. बाजाराच्या दिवसापुरती देत जा."



भर पावसाळ्यात खबर आली, नदीकाठच्या एका गावावर रझाकार चालून येणार. बायका-पोरं पार आणायची होती. पाणी चढलेलं, डोंगा एकच. ज्वारीच्या बांधाआडून आम्ही रझाकारांना दुपारभर थोपवून धरलं. शेवटची खेप निघायची वेळ आली, तेव्हा ती पार होईपर्यंत बांधावर कुणीतरी थांबायला हवं होतं.

"गुरुजी, मी थांबतो," मी म्हणालो.

"नको. तो थांबेल. तू या लोकांना घेऊन जा."

त्या घटकेलाही माझा जळफळाट झाला. त्यालाच का? डोंगा त्याला आणायला परत गेला, तोवर बांधावरच्या रायफलीचा आवाज बंद झाला होता.

निजामाचं राज्य गेलं. आम्ही पिंगळीला आलो, तशी माय म्हणाली, "पालमला जायचं." गंगाखेडपर्यंत रेल्वे, पुढे बैलगाडी. त्याच्या बहिणीला कुशीत घेऊन माय घरात बसली. तो काय खायचा, कशाला हसायचा, सगळं मायच सांगत होती. मी बाहेर ओट्यावर. मेल्यावरसुद्धा हा माझ्या वाट्याला काही ठेवत नाही, असं वाटलं.

मग बहीण पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "दादा, तुमी संगं व्हते म्हणं. शेवटाला कसा व्हता तो?"

माय दारात थांबली. तो गेल्याचं मी तिला सांगितलं होतं. कसा होता, ते नाही. तिनं कधी विचारलंही नव्हतं.

"लय भ्याला व्हता तो," मी म्हणालो. "काडतूस भरताना खाली पडायचं. मी म्हणलं, तू जा, मी बसतो इथं. त्यानं डोंग्याकडं बघितलं. तू हो फुडं, म्हणला, आन् पुन्हा बांधाला टेकला. डोंगा मधोमध आला तवा मी वळून बघितलं. तिथंच व्हता. हलला न्हाई."

बहीण खाली बसली. माय येऊन तिच्या शेजारी टेकली.

"आजून सांग," माय म्हणाली.

मी सांगत राहिलो. नदीकाठचा तो माझ्या एकट्याचा होता, आणि मला लवकर संपवायचं नव्हतं.