चुलीमागचं मडकं

देवावर सगळं सोपवून माझ्या मामेसासऱ्यांइतका निर्धास्त राहणारा माणूस साताऱ्यात दुसरा झाला नाही, आणि पार सांगलीपर्यंत शोधत गेलात तरी सापडायचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. मी माहेरची सांगलीची, तेव्हा दोन्हीकडचं बघून बोलते आहे. आम्ही मूळचेच ख्रिस्ती. 'प्रभूवर भरवसा ठेवा' हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले. पण आमच्या घरी ते म्हणून झालं की वडील उठून दाराला कुलूप लावत आणि ओढून बघत. लग्न होऊन साताऱ्याला आले तर काय, ह्या घराच्या दाराला कडीच नाही! पूर्वी होती म्हणे. मामांनी ती उचकटून शेजाऱ्यांच्या गोठ्याला बसवून दिली होती. मी विचारलं तर म्हणाले, "आपल्याला राखणदार हाय की सूनबाई. त्या म्हशीला कोण हाय?"

माझ्या नवऱ्याला आईबाप नव्हते. मामा-मामींनीच त्याला लहानाचा मोठा केला, म्हणून माझं सासर म्हणजे हेच घर. मामा मूळचे माणचे, तरुणपणी मिशनचे उपदेशक झाले आणि कराडपासून दहिवडीपर्यंत गावोगाव पायी हिंडले. मामींनी फडक्यात बांधून दिलेली भाकरी वेशीवर भेटेल त्या भुकेल्याला द्यायची आणि आपण पुढच्या गावात कोण बोलावतंय ते बघायचं, ही त्यांची रीत. कुणीतरी बोलवायचंच. नाही बोलावलं तर मामा त्याला उपास म्हणायचे आणि त्याबद्दलही आभार मानायचे. ह्या माणसाला हरवायचं कसं, ते मला कधी कळलं नाही. एकदा उघड्या दारातून शेळी आत आली आणि त्यांचं गीतांचं पुस्तक मधल्या पानांपासून खाऊन गेली. मामी काठी घेऊन धावल्या. मामा म्हणाले, "जाऊ दे गं, भूक लागली आसंल." तेव्हापासून ते ती गीतं पाठ म्हणू लागले. एका गीताचं पहिलं कडवं आणि दुसऱ्याचं शेवटचं, पण आवाज असा खणखणीत की देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) बाकीचे आपलंच चुकलं समजून गप्प बसत.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना, म्हणून कराडकडं जाणारी सर्व्हिस मोटार मागं कोळशाची भट्टी लावून चालायची. ती वेळेवर सुटलेली कुणी पाहिली नव्हती. मामाही वेळेवर पोचलेले कुणी पाहिले नव्हते. ते आरामात छत्री फिरवत यायचे, मोटार आपली धुरात उभी, आणि मामा चढता चढता म्हणायचे, "बगा, प्रभूनं थांबवून ठिवली." शेवटी तो काजळीनं माखलेला ड्रायव्हर एकदा वैतागला. म्हणाला, "मामा, थांबवायला मोटार तिची ती समर्थ हाय. तुमच्या देवाला तेवढं चालू करायचं बगा म्हणावं." मामा खाली उतरले आणि भट्टीपाशी उभं राहून खरोखरच प्रार्थना करायला लागले. मोटार चालू झाली. ड्रायव्हरनं लगेच टोपी काढली आणि मामा नीट चढायच्या आतच निघाला.

त्या प्रार्थनेचीही एक गंमत होती. मामा घरी, बाजारात, शेळीशी, सगळ्यांशी माणदेशी बोलत. देवाशी मात्र बोलायचे ते पक्कं पुस्तकी. डोळे मिटले की 'हे करुणासागरा परमपित्या, आम्ही नम्रभावे तुझ्या सिंहासनासमोर' असं जे सुरू व्हायचं ते आमटी गार होईपर्यंत. मामी म्हणायच्या, "आवं, देव काय मामलेदार हाय का? अर्ज लिवून आनल्यावानी काय बोलताय!" मामी माणदेशच्याच, शाळेचं तोंड न बघितलेल्या. त्या मोठ्यानं प्रार्थना करत नसत. सगळ्या गोष्टींची काळजी मात्र त्याच करत. पाऊस, रॉकेल, माझ्या नवऱ्याचा खोकला, कडी नसलेलं दार. मामा त्यांना प्रेमानं चिडवायचे, "हिचा इस्वास जरा कच्चा हाय." मामी म्हणायच्या, "व्हय, कच्चाच हाय," आणि कामाला लागायच्या.

पण मामांच्या भरवशाचा खरा दिवस म्हणजे रविवार. उपासना सुटली की ते देवळाच्या दारात उभे राहायचे आणि बाहेर पडणाऱ्या परक्या माणसाला जेवायला घेऊन यायचे. देवळात कुणी परकं नसलं तर रस्त्यावर बघायचे. सुट्टीवर आलेला फौजी, छत्र्या दुरुस्त करणारा, दवाखान्यात नातेवाईक असलेलं खेड्यातलं कुटुंब, जो हाती लागेल तो. घरात काय आहे, हे विचारायची पद्धत नव्हती. कंट्रोलचे दिवस, रेशनवर मोजून दाणे, आणि हे दारातूनच ओरडायचे, "अगं, प्रभूनं पावनं धाडल्यात!" आणि नवल असं की पीठ कधी कमी पडलं नाही. मामा ह्याची साक्ष गावोगाव देत. सभेत उभं राहून, पुस्तकी भाषेत सांगत, "अतिथी कितीही येवोत, आमच्या घरचे पीठ सरलेले मी पाहिले नाही. प्रभू भरतो!" बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसलेल्या मामी मान खाली घालून सगळ्यांत मोठ्यानं 'आमेन' म्हणत.

ते पीठ कुठून येतं, हे मला लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं. आमच्या मंडळीत बायकांची एक रीत आहे. दळायला बसलं की एक मूठ जोंधळे देवासाठी बाजूला काढायचे आणि रविवारी देवळात न्यायचे. मामी ती मूठ काढायच्याच. पण रोज भाकऱ्यांना बसल्या की परातीतली पिठाची आणखी एक मूठ चुलीमागच्या मडक्यात टाकायच्या. मी विचारलं, ही कुणाची? "ती देवाची," त्या म्हणाल्या, "अन् ही ह्येंच्या पावन्यांची." रविवारी मामा पाहुणे आणायला देवळाच्या दारात उभे असत, तेव्हा मामी लगबगीनं पुढं घरी येऊन मडकं पिठाच्या डब्यात रिकामं करून ठेवत. मामांना हे ठाऊक आहे का, म्हणून विचारलं, तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की बस. "त्येंना कशाला सांगतीस? त्येंची साक्ष मोडंल न्हवं का!" त्या मुठीपायी आठवड्यातून दोनतीनदा त्यांना स्वतःला अर्धीच भाकरी उरायची. 'मला भूकच न्हाई' असं म्हणायची त्यांची एक खास पद्धत होती.

मग मामींच्या पोटात गाठ झाली. बरेच दिवस त्यांनी विटकर तापवून शेकत ती लपवली आणि अंथरुणालाच खिळल्या तेव्हा आम्हाला कळलं. सांगलीच्या बाजूला मिशनचा एक दवाखाना होता, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, आणि जगण्याची खात्री देता येत नाही. माझा नवरा मामींजवळ थांबला. मामा साताऱ्याला परतले, कारण पाळकसाहेब बाहेरगावी होते आणि रविवारची उपासना मामांनी घ्यायची होती. जरासुद्धा काळजी नाही हो चेहऱ्यावर! "प्रभू बरं करनार. ठरल्यालं हाय," असं ते मला सांगत होते आणि मी मनातून जळत होते. काळजी करायला बाई मिळाली की निर्धास्त राहायला काय जातंय, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

रविवारी उपासना झाली आणि दारातून हाक आली, "सूनबाई, प्रभूनं पावनं धाडल्यात!" एक फौजी आणि पलूसकडची एक बाई, दोन पोरांसह. मी म्हटलं, "मामा, पीठ नाही." ते हसले. "बग तरी. हितं कवा सरत न्हाई." आणि स्वतः आत येऊन त्यांनी डबा उघडला. मग वाकून आत पाहिलं. मग उपडा करून बुडावर टिचकी मारली. कुणी मजेनं केलं असतं तर मी हसले असते, पण ते इतक्या विश्वासानं वाट बघत होते की मला पुढं बोलवेना. मी चुलीमागचं मडकं आणून त्यांच्यापुढं ठेवलं. तेही रिकामंच होतं, मामी आजारी पडल्यापासून. आणि सगळं सांगितलं. बाहेर तो फौजी काय ते समजला असावा. तिथूनच म्हणाला, "फिकर नका करू मामा, चाय चालंल आपल्याला." मी गूळ घालून चहा केला, पोरांना शेंगा दिल्या. पाहुणे जाईपर्यंत मामा मडक्यात हात घालून बसले होते. मग म्हणाले, "म्हंजी येवढी वर्सं मी हिच्या तोंडातली भाकरी काढून देवाच्या नावानं वाढत हुतो. अन् वर साक्ष देत हुतो." मला वाटलं, ह्या माणसाचा देव आता ह्या मडक्यातच फुटणार.

दुसऱ्या दिवशी मी माझं तान्हं मूल घेऊन पोचायच्या आधीच मामा मोटारीच्या अड्ड्यावर जाऊन बसले होते. आणि मोटार, कर्म माझं, त्या दिवशी वेळेवर सुटली. दवाखान्यात मामी लोखंडी खाटेवर पडल्या होत्या, गालफडं बसलेली, पण आम्हाला बघून पदर सारखा केला. मामा खाटेशी खाली बसले. "मडकं तू भरत हुतीस," म्हणाले.

मामींनी माझ्याकडं रागानं पाहिलं. मग म्हणाल्या, "व्हय, म्या भरत हुते."

"मला वाटलं द्येव भरतोय. माजा सगळा इस्वास तुज्या जिवावर हुता. द्येवावर न्हवताच."

"आवं, असं कसं?" मामी म्हणाल्या. "रोज परातीत पीठ घेतलं की भ्या वाटायचं मला. उद्या मिळंल का न्हाई, पोराला पुरंल का न्हाई. हात उघडायचा न्हाई बगा. मग म्हनायची, द्येवा, आता तू बग, अन् सोडायची मूठ. मला तुमच्यावानी बोलता येत न्हाई. माजी प्रार्थना येवढीच." जरा दम खाल्ला आणि म्हणाल्या, "तुमी त्या रस्त्यावरल्या मानसांस्नी घरला आनलं नसतं, तर म्या कुनासाठी सोडली असती?"

सकाळी त्यांना ऑपरेशनला नेलं. आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. मामांनी डोळे मिटले, "हे करुणासागरा" म्हणाले आणि तिथंच अडले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडले. मग मान खाली घालून, बाजारात बोलतात तसं म्हणाले, "द्येवा, मला लय भ्या वाटतंय. तिला राख. न्हाई राखलीस तर मला धर." इतकी लहान प्रार्थना मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली आणि मला रडू आवरेना.

मामी शुद्धीवर आल्या, आमच्याशी बोलल्या, पेज प्यायल्या. आम्हाला वाटलं, जिंकलो. मग ताप भरला तो उतरलाच नाही. मामांनी त्यांचा हात शेवटपर्यंत धरून ठेवला होता. देवानं त्यांचं पहिलं मागणं ऐकलं नाही. दुसरं ऐकलं का, हे बघायला आम्ही सगळे मामांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

साताऱ्यात लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्याचा विश्वास ढळला. रविवारी मामा देवळातून सरळ घरी यायचे, दारात थांबायचे नाहीत, साक्ष द्यायचे नाहीत. मीही घाबरले होते. खरं सांगायचं तर त्यांचा तो बेफिकीर खणखणीत आवाज मला हवा होता. ज्याच्यावर मी इतकी चिडत असे, तोच गेला तर घर खायला उठलं.

अशातच एका संध्याकाळी मी भाकऱ्यांना बसले, तर मामा आत येऊन चुलीशी बसले. मांडीवर ते मडकं. म्हणाले, "भाकरी तू थाप. मूठ मी काडनार." त्या आठवड्यात रेशन कमी झालं होतं. परातीत पीठ जेमतेम, माझं मूल तान्हं, नवरा कचेरीतून भुकेला येणारा. मामांनी मूठ भरली. त्यांचा हात मामींच्या दुप्पट, मूठही तशीच. मडक्यावर नेली आणि हात तिथंच थांबला. बोटं उघडेनात. "सूनबाई," ते म्हणाले, "लय भ्या वाटतंय गं."

"मग आज राहू द्या मामा," मी म्हटलं.

"न्हाई," ते म्हणाले. "तिलाबी वाटायचं."

त्यांनी डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काहीतरी दोन शब्द बोलले आणि मूठ उघडली. मग हात झटकला, परातीत उरलेल्या पिठाकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "थाप आता. मला आर्धीच दे. मला भूकच न्हाई."