नाक्यावर नेलेली खोबरेलाची बाटली

लोणावळ्याहून निघायच्या आदल्या दिवशी आईने माझ्या बॅगेत दोन किलो चिक्की आणि खोबरेलाची बाटली कोंबली. आई कार्ल्याच्या पायथ्याशी राहते, वय ऐंशीच्या पुढे. पॅलेस्टाईन कुठे आहे हे मी तिला दोनदा समजावलं. तिने मान हलवली आणि विचारलं, ‘‘पण तितं तुजं काम काय?’’

काम सांगायला अवघडच होतं. मी रेल्वेत तिकीट तपासनीस होते. निवृत्त झाल्यावर घरी बसून जीव आंबायला लागला, तेव्हा एका स्वयंसेवी संस्थेत नाव दिलं आणि तीन महिन्यांसाठी निवड झाली. इस्रायलमध्ये मजुरीला जाणाऱ्या पॅलेस्टिनी कामगारांना रोज सैन्याच्या नाक्यातून जावं लागतं. त्या नाक्यावर उभं राहायचं आणि किती आले, किती पलीकडे गेले, किती परत फिरवले, हे वहीत लिहायचं. कुणाला सोडवायचं नाही की मध्ये बोलायचं नाही. आईने सगळं ऐकून घेतलं. ‘‘म्हंजी नुसतं बगायचं? त्यासाटी इतक्या लांब कशाला जायला पायजे?’’ म्हणाली.

अम्मानपर्यंत विमान, पुढे बसने नदीवरचा पूल. पुलापलीकडे सामानाची तपासणी झाली. तपासणीवरच्या एका इस्रायली मुलीने चिक्कीची वडी उन्हात धरून पाहिली, वास घेतला, खाऊन बघा म्हटलं तर नको म्हणाली. खोबरेलाच्या बाटलीकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. लेबल कधीच निघालेलं, झाकणाला आईने दोरा गुंडाळलेला, तरी बाटली सहीसलामत पार झाली. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे याच बाटलीने घात केला.

आम्हाला ठेवलं होतं ते गाव टेकडीवर. दगडी बांध घातलेली पायऱ्यापायऱ्यांची शेतं पाहून मला आमची मावळातली खाचरं आठवली, फक्त इथे भाताच्या जागी ऑलिव्हची झाडं. नाश्त्याला रोटी ऑलिव्हच्या तेलात बुडवून जातरमध्ये (रानओव्याची, तिळाची कोरडी चटणी) टेकवून खायची. आठवड्याभरात मला तिची इतकी चटक लागली की शेंगदाण्याची चटणी आठवेना. माझ्याबरोबर इंग्रिद होती, नॉर्वेची निवृत्त शिक्षिका. तिचं हे तिसरं वर्ष आणि अरबी चांगलं. मला येत होतं फक्त ‘शुक्रन’ (आभार) आणि तेही मी सगळीकडे वापरायची.

नाक्यावर पहाटे चारला हजर व्हावं लागे. दोन्ही बाजूंनी लोखंडी गज, वर पत्रा, मध्ये जेमतेम दोन माणसांची वाट. आमच्याकडे गुरांचा कोंडवाडा याहून ऐसपैस असतो. टोकाला फिरतं लोखंडी दार. ते सैनिक आतून बटण दाबून सोडत आणि मनात येईल तेव्हा थांबवत. पुढे पट्टा, बूट, डबा यंत्रातून काढायचा, कार्ड दाखवायचं आणि अंगठा टेकवायचा. हातातल्या यंत्राचं बटण दर माणसागणिक दाबत मी मोजत राही. जन्मभर मी दारात उभी राहून लोकांना अडवलं. आता दुसऱ्यांनी अडवलेले मोजत होते.

अबू नासेरची ओळख तिथेच झाली. अबू नासेर म्हणजे नासेरचा बाप. आपल्याकडे ‘पिंट्याची आई’ म्हणतात तसं तिकडे पुरुषांनाही थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. माणूस साठीकडे झुकलेला, फरशी बसवणारा कारागीर. तीस वर्षं सिमेंटात हात घालून अंगठ्याच्या रेषा झिजल्या होत्या. यंत्र अंगठा घेईना. त्या आठवड्यात दोनदा तो परत फिरला होता. पलीकडे ठेकेदाराची गाडी सहाला सुटे आणि परवाना त्या ठेकेदाराच्याच नावावर. तिसऱ्यांदा चुकलास तर येऊच नको, परवाना रद्द करतो, असं त्याने बजावलं होतं. हे सगळं मला इंग्रिदने सांगितलं.

आता यात माझ्यासारख्या बाईला गप्प कसं राहवेल? आमच्या गावात रेशनच्या दुकानासमोर बाया अंगठा लावण्याआधी तो केसांवरून फिरवतात. तेल लागलं की यंत्र घेतं. दुसऱ्या दिवशी रांगेत अबू नासेर दिसला तशी मी गजांमधून खूण केली, अंगठा केसांवर घास. त्याने टोपी काढून दाखवली. चकचकीत टक्कल! आजूबाजूचे हसले, तोही हसला. मग मी पर्समधून खोबरेलाची बाटली काढली आणि गजांतून त्याच्या हातात दिली. इंग्रिद नको नको म्हणत होती तोवर रांग पुढे सरकली होती.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. अंगठ्यापर्यंत तो पोचलाच नाही. बिनलेबलाची, दोरा गुंडाळलेली बाटली यंत्रात दिसली आणि त्याला बाजूच्या खोलीत नेलं. साडेसहा वाजता सोडलं ते आमच्याच बाजूला. माझ्या पासपोर्टाबरोबर जी बाटली पूल ओलांडून आली, ती त्याच्या हातात नाक्यावरून दहा पावलं जाऊ शकली नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

ठेकेदाराने शब्द पाळला. चार दिवसांनी इंग्रिदला घेऊन मी अबू नासेरच्या घरी माफी मागायला गेले. जाताना उरलेली चिक्की नेली, दुसरं काय नेणार? त्याच्या बायकोने मरमिया (सुगंधी पाल्याचा) चहा केला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी फरश्या बसवणाऱ्याच्या स्वतःच्या घरात साधा कोबा होता. मी माफी मागितली. इंग्रिदने भाषांतर करायच्या आत मला रडू आलं.

तो बराच वेळ चिक्की चावत राहिला. मग म्हणाला, ‘‘तेलाचा दोष नाही. अंगठा आधीच फरश्यांना गेला होता.’’ आणि त्याने विचारलं, ‘‘त्या दिवशीच्या वहीत मी आहे ना?’’

आहे म्हटलं. परत पाठवलेल्यांत, कारणासकट, आणि कारणात माझं नाव.

‘‘मग ठीक आहे,’’ तो म्हणाला. त्यात ठीक काय होतं ते मला कळलं नाही.

मी परतले. पुढे तिकडे युद्ध सुरू झालं, कामगारांचे परवानेच थांबले आणि इंग्रिदलाही अबू नासेरचा पत्ता लागेना. तो कुठे आहे, आहे की नाही, मला माहीत नाही.

गेल्या महिन्यात आईबरोबर रेशनच्या दुकानात गेले. तिने सवयीने अंगठा केसांवरून फिरवला, यंत्रावर टेकवला. नाही लागला. पदराला पुसून पुन्हा, मग दुसऱ्या हाताचा. दुकानदार वर न बघता म्हणाला, ‘‘मावशी, न्हाई घेत मशीन. उद्या या.’’ आई पिशवीची घडी घालू लागली. किती महिने ती अशी घडी घालून परत जातेय, मी कधी विचारलंच नव्हतं.

पर्समध्ये अजून तीच वही होती. मी बाहेर ओट्यावर बसले आणि दुपारी दुकान बंद होईपर्यंत मोजलं. आई शेजारी बसून होती. ‘‘काय लिवतीस?’’ तिने विचारलं. मी वाचून दाखवलं: आले एकोणीस, परत पाठवले चार. त्यातली पहिली तू.

मग मी वही मिटली, तिचा हात धरला आणि वडगावच्या तहसील कचेरीकडे जाणारी गाडी पकडली. इथे मध्ये बोलायला मला कुणाची बंदी नव्हती.