गावंडे साहेबांना पिवळा दिसलेला सिनेमा

गावंडे साहेब गेल्याची बातमी काकूंनीच फोनवर दिली. "रफिक, साहेब गेले रे. सिनेमा लावून बसले होते, मी चहा घेऊन आली तं..." मी विचारलं, "कोणता सिनेमा?" दुःखात माणूस काहीही विचारतो. काकूंनी मात्र रडता रडता नाव सांगितलं. वर "तुले बी काहीच्या काही सुचते" असंही म्हणाल्या.

स्मशानात आम्ही पंधरा-वीस जण असू. लाकडं रचली जात होती आणि माझ्या मागे कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "पिवळा साहेब गेला. लय खाल्लं बुवानं." मी वळून पाहिलं. तीन-चार चेहरे होते, सगळे गंभीर. भांडायची ती जागा नव्हती, नाहीतर मी गप्प बसणाऱ्यातला नाही... हे मी मोठ्या तोऱ्यात लिहितोय खरा, पण या गोष्टीत मी एकदा गप्प बसलो होतो आणि तेच सांगायला हा लेख लिहायला घेतला आहे. दीड महिना झाला. आता नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही.

माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. गावातली टॉकीज बंद पडली तेव्हा मी एका फळीवर सिनेमाच्या सीडीही भाड्यानं ठेवायला लागलो. साहेब सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकऱ्याची गाडी यार्डात आली की ग्रेडर तिच्यात कोपरापर्यंत हात घालणार, आतला कापूस उपसून बघणार, बोटांनी धागा ताणणार, सरकी दाताखाली धरून ओल बघणार आणि प्रत सांगणार. तो म्हणेल ती प्रत आणि त्या प्रतीचा भाव. शेजारी नमुन्याची पेटी असे, प्रत्येक प्रतीचा कापूस कप्प्यात ठेवलेली. शंका आली तर त्याच्याशी ताडून बघावं अशी रीत. साहेबांनी ती पेटी कधी उघडल्याचं कोणाला आठवत नाही. "पेटी शिकाऊ लोकायसाठी हाय," ते म्हणायचे. हा गर्व होता, पण तो त्यांना शोभायचा.

दर रविवारी सकाळी नऊला ते सीडी परत करायला यायचे, बाकावर बसायचे आणि सिनेमाची प्रत काढायचे. मत विचारावं लागायचं नाही. "हिरो नदीतून भाहेर आला अन् केस कोरडे! टॉवेल काय मासोळीनं देल्ला?" दुसऱ्या एका सिनेमात म्हणे वीस वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईच्या उशीचा अभ्रा इस्त्रीचा होता. एकदा तर ते चिडूनच आले. सिनेमातल्या शेतकऱ्याच्या बैलांची शिंगं पोळ्यासारखी रंगवलेली आणि मागच्या वावरात पऱ्हाटी पांढरीशुभ्र फुटलेली. "पोळा कवा, कापूस कवा! या डायरेक्टरले एक दिवस माह्या यार्डात आनून उभा करा." गिऱ्हाईकं थांबून ऐकायची आणि पुष्कळदा साहेबांनी नावं ठेवलेलाच सिनेमा मागून न्यायची. मला हा माणूस फार आवडायचा. रविवारी पाऊण तास कोणीतरी आपल्या दुकानात आपखुशीनं बसतं, याचं मोल दुकानदारालाच कळतं.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. सगळ्यांचाच स्वभाव तुसडा झाला होता आणि केंद्रावरच्या रांगेत तर ठिणगी पडायचा अवकाश. त्या हंगामात केंद्रावर एक कुजबुज सुरू झाली, की ग्रेडर चांगला कापूस पिवळा म्हणून उतरवतो आहे. पैसे दिले की पांढरा होतो, अशीही पुढची जोड लागली. मी ऐकून हसलो. साहेब माझ्या दुकानात स्वतःच्या चहाचे पैसे द्यायचे, तो माणूस काय खाणार? केळापूरच्या पलीकडच्या गावातला देवराव माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याची पहिल्या वेचणीची गाडी खाजगी व्यापाऱ्याकडे निघाली होती. मीच त्याला अडवलं. म्हटलं, केंद्रावर ने, तुझा कापूस चांगला आहे आणि ग्रेडर देवमाणूस आहे. देवरावनं माझ्या शब्दावर शुक्रवारी गाडी रांगेत लावली.

त्याच रविवारी साहेब एक कौटुंबिक सिनेमा परत करायला आले. बाकावर बसले आणि म्हणाले, "बाकी ठीक हाय. पन मले एक सांग रफिक, घरात मानूस मेला अन् साऱ्या बाया पिवळ्या साड्या नेसून काहून बसल्या? लग्न हाय काय? काही रीतभात?"

मी हसलो, कारण मला ती नेहमीची थट्टा वाटली. पण साहेब हसत नव्हते. तो सिनेमा मी स्वतः पाहिला होता. त्या प्रसंगात साड्या पांढऱ्या होत्या, डोळ्याला टोचतील अशा पांढऱ्या. मी म्हटलं, "टीव्हीचा रंग बिघडला असेल. संध्याकाळी येतो."

संध्याकाळी मी सीडी आणि हत्यारं घेऊन त्यांच्या घरी गेलो. टीव्ही मागून उघडला, झाकला, रंगाचं बटण इकडून तिकडे फिरवलं. टीव्ही ठणठणीत होता. साड्या पांढऱ्याच दिसत होत्या. साहेब खुर्चीतून म्हणाले, "हां, हे पाय! पिवळ्याच नं?" काकू भाकरीचं पीठ लागलेले हात घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, "पिवळ्या कुठच्या वो? चांगल्या पांढऱ्याफेक तं हायेत." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कारागीर माणूस, बिघाड कुठे आहे ते मला कळलं होतं. त्यांच्या डोळ्यांवर मोतीबिंदू चढत होता आणि त्यातून त्यांना सगळं जग पिवळं दिसत होतं. गेले दोन महिने त्याच डोळ्यांनी ते लोकांच्या कापसाची प्रत काढत होते.

मी म्हणालो, "पिक्चर ट्यूब जुनी झाली, साहेब."

का म्हणालो? निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या माणसाला तुमची नजर गेली हे मी कोण सांगणार, असं तेव्हा मनाला समजावलं. खरं कारण साधं आहे. मला भीती वाटली. साहेब रागावतील, रविवारी यायचे बंद होतील... आणि घरी येताना मला पक्कं ठाऊक होतं की देवरावची गाडी रांगेत उभी आहे. यार्ड सायकलवर दहा मिनिटांच्या अंतरावर. सोमवार गेला, मी गेलो नाही. कदाचित त्याचा कापूस इतका पांढरा असेल की पिवळ्यातूनही दिसेल, असा काहीतरी खुळा हिशेब मी मनात करत बसलो.

मंगळवारी दुपारी देवराव दुकानासमोर आला. पायरी चढला नाही. "तुया साहेबानं पैशे खाल्ले नाहीत रफिक, खरं हाय तुयं," तो म्हणाला. "कारन मी देल्लेच नाहीत. म्हनून तं दुसऱ्या प्रतीत गेला माया कापूस." एवढं बोलून तो निघून गेला. मी त्याला हाक मारली नाही.

बुधवारी सकाळी मी यार्डात गेलो. ग्रेडरच्या टेबलाभोवती माणसं दाटली होती, आवाज चढलेले. दोन गाडीवाले साहेबांच्या अगदी छातीशी भिडलेले आणि साहेब शांतपणे कापसाचा मूठभर पुंजका उन्हात धरून बघत होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "साहेब, टीव्ही चांगला आहे." ते थांबले. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नसेल. मग त्यांनी हातातला कापूस टेबलावर ठेवला आणि नमुन्याची पेटी पुढे ओढली. कडी गंजलेली होती, दोनदा हिसका द्यावा लागला. पहिल्या प्रतीच्या कप्प्यातला नमुना काढून त्यांनी त्या पुंजक्याशेजारी ठेवला. एकदा या कापसाकडे पाहिलं, एकदा त्या. दोन्ही अगदी सारखे होते. "हा बी पिवळाच," ते म्हणाले, पण कोणाला उद्देशून नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो मी पाहिला, आणि ते पाहणं मला फार जड गेलं.

मग ते टेबलावर चढले. साठीकडे झुकलेला, स्थूल माणूस. म्हणाले, "ऐका. माये डोये गेले हायेत. या हंगामात मी चुकीची प्रत काढली. दुसऱ्या ग्रेडरले बोलवा, माह्यापासी गाडी लावू नका." मागून कोणीतरी ओरडलं, "सिनेमा पाहून आला वाट्टे!" आणि हशा उसळला. तो हशा मारापेक्षा वाईट होता. ढेकूळ नंतर आलं, खांद्यावर बसलं. साहेब टेबलावरून उतरले नाहीत. सगळं बोलून झाल्यावरच उतरले, आणि मग मी त्यांना हाताला धरून घरी नेलं. वाटेत त्यांनी एकच विचारलं, "रविवारीच समजलं होतं नं तुले?" मी हो म्हणालो. त्यानंतर हा विषय त्यांनी कधीच काढला नाही.

यवतमाळला डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्या. नोकरी त्यांनी स्वतःहून सोडली. उतरवलेली प्रत परत चढवता येत नव्हती, कारण तो कापूस केव्हाच जिनिंगमध्ये जाऊन गाठीत बांधला गेला होता. आणि गावाचं म्हणाल तर आमच्याकडे माणसाला एकदा नाव पडलं की ते त्याच्या चितेपर्यंत सोबत जातं. ऑपरेशननंतर एका रविवारी मात्र साहेब दुकानात आले, नवीन चष्मा लावून, आणि त्या हंगामात नेलेले सगळे सिनेमे त्यांनी पुन्हा मागितले. एकेक करून सगळे परत पाहिले. प्रत्येक वेळी बाकावर बसून आधीचं मत दुरुस्त करायचे. "त्या बायायच्या साड्या पांढऱ्याच होत्या. डायरेक्टरची चूक नाही." पूर्वीसारखं त्यात हसण्यासारखं काही नसायचं, तरी मी ऐकून घ्यायचो.

तेराव्यानंतर काकूंनी मला घरी बोलावलं. टीव्हीखालच्या कपाटातून त्यांनी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा काढला. आत वर्तमानपत्राच्या कागदाच्या पुड्या होत्या, साठ-सत्तर तरी असतील. प्रत्येक पुडीत चिमूटभर कापूस आणि वर साहेबांच्या टपोऱ्या अक्षरात शेतकऱ्याचं नाव, गाव आणि "पहिली प्रत. चूक माझी." ऑपरेशननंतरची दोन-तीन वर्षं साहेब पिशवी घेऊन बसनं कुठे कुठे जायचे, मला वाटायचं पाय मोकळे करायला. ते त्या हंगामातल्या एकेका शेतकऱ्याच्या दारात जाऊन, घरात त्या साली राखलेला कापूस उरला आहे का, असं विचारत फिरत होते. काकू म्हणाल्या, "काही जन द्यायचे, काही शिव्या द्यायचे. आल्यावर मले काही सांगत नव्हते. सिनेमा लावून बसायचे." मी एकेक पुडी उघडत गेलो. तळाशी एक पुडी होती, नीट घडी घातलेली, वर देवरावचं नाव. आत काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ती पुडी घेऊन देवरावकडे गेलो. इतक्या वर्षांत आम्ही लग्नाकार्यात भेटत होतो, बोलत होतो, पण त्या मंगळवारबद्दल नाही. त्यानं मला ओसरीवर गादीवर बसवलं आणि पुडी हातात घेऊन नाव वाचलं. "आलता तो," तो म्हणाला. "एकडाव नाही, तीन डाव. मी म्हनलं, संपला कापूस. अन् मी या गादीवरच बसलेलो होतो. त्याच वावरातल्या, त्याच सालच्या कापसाची हाय ही."

मग मला राहवलं नाही. मी त्याला सांगून टाकलं, की तुझ्या कापसाची प्रत निघायच्या दोन दिवस आधीच मला साहेबांच्या डोळ्यांचं कळलं होतं. रविवारी संध्याकाळी. मी येऊन तुला थांबवू शकलो असतो.

देवरावनं हातातली पुडी बाजूला ठेवली. "ऊठ," तो म्हणाला. "गादीवरून ऊठ आदी." मी उठलो, चपला शोधायला लागलो. मला वाटलं, चालता हो म्हणतोय. त्यानं कोपऱ्यातला विळा घेतला, गादीच्या कडेची शिवण चार बोटं उसवली, आत हात घातला आणि मूठभर कापूस ओढून काढला. मला अंगणात उन्हात नेलं आणि तो माझ्या तळहातावर ठेवला.

"सांग. कसा हाय?"

इतकी वर्षं अंगाखाली राहिलेला कापूस. दबलेला, मेणचटलेला, आणि खरंच पिवळा पडलेला. माझे डोळे शाबूत आहेत. मी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "पांढराफेक."

"डोये तपासून घे," देवराव म्हणाला, आणि कापूस पुडीत बांधून त्यानं तो स्वतःच माझ्या खिशात घातला.