बकऱ्याच्या नसा

आणीबाणीतली गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांची, रसायनशास्त्राची पदवीधर, आणि अक्कल पावशेरभर. नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत आमचे सर एक पातळ औषध बनवत होते. फुटक्या रक्तवाहिनीत ते सुईनं सोडायचं. रक्ताला लागलं की तिथंच घट्ट होऊन त्यानं वाट बुजवायची, पण अंगाला बाधायचं नाही. आधी बकऱ्याच्या गुर्द्यात सोडून बघायचं होतं. त्यासाठी गुर्दा ताजा हवा आणि त्याची नस बोटभर लांब राखून कापलेली हवी. नागपूरचे खाटीक नस राखत नव्हते. सर म्हणाले, "दोन दिवसांत चार गुर्दे आणा, नाहीतर तुमचं टेबल दुसऱ्याला देतो."

"आमच्या सानगडीत पोतंभर मिळतील," मी म्हटलं. काय ती फुशारकी!

बाजाराच्या दिवशी गावी उतरले. नायलॉनची साडी, काळा चष्मा, हातात बर्फ भरलेला थर्मास. आपल्याच गावात जणू पाहणीला आलेली मोठी साहेबीण.

खाटीक मला परकराच्या वयापासून ओळखणारा. त्यानं विचारलं, "नस राखून कायले पायजे वो पोरी?"

मी आख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगितलं, "नस बंद करायचं औषध बनवतोय आम्ही. आधी बकऱ्यावर, मग माणसांवर."

त्या दिवसांत नसबंदीसाठी माणसं धरून नेत होते. सरकारी जीपचा धुरळा दिसला की गडी धानाच्या बांधीत लपत. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण शहाणपणाच्या भरात कोणाला आठवतंय!

खाटकाचा सुरा थांबला. शेजारी सुकट विकणारी बाई उठून उभी राहिली. "हे तं त्याहीच्यातलीच निघाली! नसबंदीच्या किती केसा आनल्या का पगार वाढते वो बाई?"

एका म्हाताऱ्यानं धोतर आवळलं. "आता सुईनं बी करून राहिले! बकऱ्याची झाली का आपली पाळी, बावा!"

ही नस वेगळी, रक्ताची, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मी नागपुरी तोऱ्यात ओरडले, "तुमच्यासारख्या अडाण्यांची बंदच करायला पाहिजे!"

पहिलं सडकं वांगं खांद्यावर बसलं. दुसऱ्यानं चष्मा गेला. शिव्या तर अशा, की त्यातल्या दोन मला अजून कळलेल्या नाहीत.

शेवटी खाटकानंच सगळ्यांना दटावलं. पाठमोरा होऊन त्यानं काहीतरी कापलं, पळसाच्या पानात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. "घे. चार हायेत. पैसे नोको. गावची पोट्टी हायेस."

मी आभारसुद्धा मानले नाहीत. मला वाटलं, घाबरला मला.

नागपुरात सरांसमोर पुडी सोडली. चारही गुर्दे ताजे, लालबुंद. नस मात्र एकालाही नव्हती. मुळापासून, सफाईनं, मुद्दाम छाटलेली. सुई घालायला टाचणीएवढी जागा ठेवली नव्हती मेल्यानं.

सर चिमट्यानं एकेक गुर्दा उलटून बघत राहिले. "नसा कुठायत?"

तेवढ्यातही माझी जीभ वळवळली. "बंद झाल्या, सर."

ते हसले नाहीत. संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर दुसऱ्याच्या बाटल्या मांडलेल्या होत्या.