पोर्ट ब्लेअरला आम्ही दोघं

दयाराम मेश्राम गेल्याची तार मी माझ्याच हाताने लिहून घेतली. सिंदेवाहीच्या पोस्टात तारा फोनवरून येतात. पलीकडचा माणूस एकेक अक्षर सांगतो, आपण उतरवत जायचं. पत्त्यात माझंच नाव आलं, तरी सवयीने हात पुढे लिहीतच राहिला... दयाराम एक्सपायर्ड. त्याला आता महिना होऊन गेला. मी लग्न केलं नाही, भावंडं आपापल्या गावी. हक्काने रागवावं असं एकच माणूस होतं, तेही गेलं.

चामोर्शीला आम्ही आठ वर्षं एकत्र होतो, मी बाबू आणि तो पोस्टमन. त्याच्या बीटमध्ये बंगाली निर्वासितांच्या वस्त्या होत्या. तिथल्या म्हाताऱ्यांना पत्रं वाचून दाखवता यावीत म्हणून हा पठ्ठ्या चक्क बंगाली शिकला. पत्र आधी मनात वाचायचा. बातमी वाईट असली की माणसाला खाली बसवायचा, पाणी पाजायचा, मगच तोंड उघडायचा.

एलटीसीवर, म्हणजे सरकारी खर्चाने, अंदमानला जायचं हे खूळ माझं. दोन वर्षं मी त्याच्या मागे लागलो होतो. त्याचं लेकरू लहान म्हणून सुमनवहिनी घरीच राहिल्या आणि आम्ही दोघं मद्रासहून जहाजात बसलो. समुद्र खवळला, जहाज उशिरा पोचलं. रजा संपत आलेली, परतीचं तिकीट त्याच जहाजाचं. पोर्ट ब्लेअरसाठी हातात उरला एकच दिवस.

घरी खुशालीचं कार्ड टाकू म्हणून आधी पोस्टात गेलो आणि तिथेच फसलो. कितीतरी दिवसांनी टपाल आलं होतं, तेही आमच्याच जहाजातून, त्यामुळे व्हरांड्यात ही गर्दी. एक बंगाली म्हातारी हातात पत्र धरून ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत होती. दयारामने ते घेतलं, मनात वाचलं आणि तिला पायरीवर बसवलं. मी काय ते समजलो. ती रडून शांत होईतो तिच्यामागे आणखी पाच-सहा जण पत्रं घेऊन उभे राहिले होते.

"चाल ना बे, जेल पाहाचं हाये," मी म्हणालो.

"तू हो पुढं, वसंता. मी आलोच."

"आपण इथी फिराले आलो का ड्युटी कराले?"

"मले वाचता येते अन् मी उठून जाऊ? काऊन जाऊ?"

मी तणतणत निघालो. तुरुंगाच्या कोठड्या एकट्याने पाहिल्या. धक्क्यावर शहाळं प्यालो, ते गोड होतं की कसं हेही आठवत नाही. समुद्राचा रंग पाहून "अरे बघ" म्हणत वळलो तर शेजारी कोणी नव्हतं. एवढ्या लांब येऊनही आपण एकटेच, याचं फार वाईट वाटलं. संध्याकाळी परतलो तेव्हा तो त्याच पायरीवर होता, घसा पार बसलेला. परतीच्या प्रवासात मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. पुढे बोलणं सुरू झालं, पण त्या दिवसाचा विषय मी काढला नाही आणि त्यानेही कधी विचारलं नाही. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही, असंच मी धरून चाललो.

दयारामच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला चामोर्शीला गेलो. लोक पांगल्यावर वहिनींनी चहा आणून दिला.

"अंदमानचं लय सांगत भाऊ ते. जेलात मोठं आंब्याचं झाड हाये म्हने, त्याच्याखाली तुम्ही दोघं जेवले. दिवसभर संगंच फिरले म्हने."

मला तिथे आंब्याचं झाड दिसलं नव्हतं.

"अन् पत्रं वाचल्याचं?" मी विचारलं.

"कोनती पत्रं?"

...इतकी वर्षं दयाराम मनाने माझ्याबरोबर तो दिवस फिरत होता, आणि मी मात्र फुगून बसलो होतो.

"अजून काय पाह्यलं, भाऊ? त्याइनं सांगितलं नाई असं काई?"

चहा तसाच खाली ठेवला.

"तुरुंगाच्या गच्चीवर गेलो होतो, वहिनी. जिना उंच होता, दयारामले दम लागला. मी वर उभा राह्यलो... तो येईपर्यंत थांबलो."