सासऱ्यांना हाकलताना

सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला सासूबाईंनी आमच्या बुकित तिमाहच्या कॉन्डोतल्या फ्लॅटच्या गॅलरीत पान ठेवलं, आणि कावळ्याऐवजी माकड आलं. इथपर्यंतची गोष्ट मी कुठल्याही जेवणावळीत साभिनय सांगते. कठड्यावरून शेपूट सोडून ते ऐसपैस बसलं. आधी वडा उचलला, मग खीर चाटली आणि कारल्याची भाजी पानाबाहेर सारली. हसू दाबायला मी ओढणी तोंडात कोंबली. सासूबाई हात जोडून उभ्या.

"अगं, तेच आले," त्या म्हणाल्या. "कारलं जन्मात खाल्लं नाही त्यांनी."

या देशात माकडांना खायला घालणं गुन्हा आहे, हे मी सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या. मी आणि नवरा ऑफिसला निघालो की त्या "बरं"ची मुदत संपायची. रोज दुपारी गॅलरीत वडा. महिन्याभरात माकड इतकं धीट झालं, की त्यानं खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या स्वयंपाकघरात शिरून त्यांच्या हातातली पिशवी ओढली. त्यांना ओरखडा आला. कॉन्डोच्या मॅनेजरनं मला बोलावून सांगितलं, "पुन्हा कुणाच्या घरात शिरलं, तर पिंजरा लागेल." पिंजऱ्यात सापडलेलं माकड जंगलात परत जात नाही, हेही अगदी गोड आवाजात सांगितलं.

"आई, पाया पडते तुमच्या. वडे बंद करा, नाहीतर मारतील त्याला."

"त्यांना," सासूबाई म्हणाल्या. पण चेहरा उतरला होता.

वॉचमननं मला उपाय शिकवला. काठी जमिनीवर आपटायची, मागे सरकायचं नाही, आणि येणं बंद होईपर्यंत रोज हेच करायचं. मी रजा टाकली आणि छत्री घेऊन दबा धरला. दुपारी ते आलं. मी छत्री आपटली. त्यानं दात विचकले. पुन्हा आपटली, तर सरळ अंगावर आलं. मी सोफ्यावर. सासरेही मला कधी घाबरले नव्हते म्हणा. पण आता गंमत सुचत नव्हती. इथे काही मिळालं नाही, तर ते खालच्या खिडकीत उतरणार हे दिसत होतं.

"आई, माझं नाही हो ऐकत. तुम्हीच उठा."

त्या उठल्या. माझ्या हातातली छत्री घेतली आणि गॅलरीच्या दारात उभ्या राहिल्या. माकडानं सवयीनं तळवा पुढे केला.

"निघा," त्या म्हणाल्या. "इथे काही मिळायचं नाही आता."

तळवा तसाच होता. त्यांनी छत्री अशी आपटली की तिची काडी मोडली. माकडानं कठड्यावरून झाडावर उडी घेतली आणि ते फांद्याफांद्यांनी रस्त्यापलीकडच्या जंगलात गेलं. झाड हलायचं थांबेपर्यंत त्या बघत होत्या.

"आता नाही ना लावणार पिंजरा?"

"यायचं थांबलं, तर नाही."

"उद्या येतील," त्या म्हणाल्या. "तू जा ऑफिसला. मी हाकलते. फक्त एक जाड काठी आणून ठेव."